विस्मृतीतून परतलेल्या तबकड्या

३० एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका-व्यवसायाच्या संघटनेने ‘रामोन्स’ या न्यूयॉर्कच्या बँडच्या पहिल्या तबकडीला सुवर्णपत्र दिले. ५ लक्ष प्रती खपल्या म्हणजे हा मान मिळावयाचा, असा तेथील संकेत आहे. लोकप्रिय गायकांच्या तबकड्या ही मजल कधीकधी एका आठवड्यात गाठतात. या तबकडीला ती गाठावयास ३८ वर्षे लागली. २३ एप्रिल १९७६ रोजी ती बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी सारा मिळून ६,४०० डॉलर खर्च आला होता. ध्वनिमुद्रण एका आठवड्यात उरकले होते. गाणी १४, आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपत. खपाच्या यादीत ती १११ व्या क्रमांकापर्यंत कशीबशी चढली आणि तेथून उतरणीला लागली. ज्या चौघांनी ती केली त्यांपैकी जोई २००१ साली वारले, डी डी २००२ साली आणि जॉनी २००४ साली. सुवर्णपत्र मिळाले त्या दिवशी चौघांपैकी टॉमी तेवढे हयात होते, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, ११ जुलै २०१४ रोजी, त्यांचेही निधन झाले.

ही कथा एकाच तबकडीची असती तर तिला दैवाचा खेळ म्हणून सोडून देता आले असते. परंतु १९७० ते १९७९ या दहा वर्षांत निघालेल्या रॉक संगीताच्या, आणि विशेषतः पंक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या उग्र शाखेच्या, कितीतरी तबकड्यांच्या वाट्याला असेच दोन जन्म आले आहेत. पहिल्या जन्मी त्यांना कोणी विचारले नाही. दुसऱ्या जन्मी त्यांच्यासाठी लोक दुकाने धुंडाळू लागले. याच दशकात लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड किंवा क्वीन यांच्या तबकड्या लाखांनी खपत होत्या. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्या तबकड्यांना पुनर्शोधाची गरज कधी पडलीच नाही. प्रश्न आहे तो इतरांचा. चांगली वस्तू हरवते कशी, आणि हरवलेली वस्तू नेमकी कोणाच्या हाती व कोणत्या वाटेने परत येते, हा तो प्रश्न होय.

पंक या प्रकाराचे स्वरूप आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७० नंतर रॉक संगीत मोठे, खर्चिक आणि काहीसे दरबारी होत चालले होते. वीस वीस मिनिटांच्या रचना, वाद्यांचे डोंगर, महिनोन्‌महिने चालणारे ध्वनिमुद्रण आणि क्रीडांगणे भरून टाकणारे जलसे यांमुळे वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर वाढत गेले. ज्याला दोन-तीन स्वरमेळ येतात त्या साध्या पोराने गिटार हाती घ्यावी आणि मनातले बोलून टाकावे, ही रॉकची मूळची वृत्ती तिच्यात बुजली. पंकने ती वृत्ती परत आणली. गाणे दोन-अडीच मिनिटांचे, गती जलद, शब्द रोखठोक, आवाज खडबडीत. न्यूयॉर्कच्या बॉवरी या दरिद्री वस्तीतील ‘सीबीजीबी’ या लहानशा मद्यगृहात १९७४ पासून रामोन्स, टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ असे कलावंत गाऊ-वाजवू लागले. पुढे दोन वर्षांत ही लाट लंडनला पोहोचली.

मौजेची गोष्ट अशी की हे संगीत जन्मले तेही एका पुनर्शोधातूनच. लेनी के नावाचे एक तरुण संगीतसमीक्षक जुन्या तबकड्या गोळा करीत असत. १९६५ ते १९६८ च्या सुमारास अमेरिकेच्या गावोगावी पोरांनी घराच्या गॅरेजमध्ये तालमी करून काढलेली, एखाद्या गावापुरती गाजलेली आणि लगेच विसरलेली गाणी त्यांनी वेचून काढली. त्यांतील २७ गाण्यांचा ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संच १९७२ मध्ये निघाला. त्यासोबतच्या टिपणात त्यांनी या गाण्यांना उद्देशून ‘पंक रॉक’ हा शब्द योजला होता. पुढे हेच लेनी के पॅटी स्मिथ यांचे गिटारवादक झाले आणि १९७५ च्या ‘हॉर्सेस’ या तबकडीत त्यांनी साथ केली. ज्यांना पुढे बंडखोर म्हटले गेले ती मंडळी अशी मुळात जुन्या मालाची जाणकार गिऱ्हाइके होती. बंड करावयास निघालेल्या माणसाच्या पडवीत जुन्या वस्तूंचा ढीग सापडावा, हे वरवर विसंगत वाटते. पण कलेच्या इतिहासात ते नवे नाही.

आता तबकडी हरवते कशी ते पाहू. यात संगीताच्या गुणापेक्षा वखारी आणि वाहतूक यांचाच हात अधिक असतो. टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात ‘बिग स्टार’ नावाचा बँड होता. नाव घेतले होते तेथल्या वाणसामानाच्या दुकानांच्या एका साखळीवरून, आणि १९७२ साली काढलेल्या पहिल्या तबकडीचे नाव ठेवले होते ‘नंबर वन रेकॉर्ड’! समीक्षकांनी तिची तोंड भरून स्तुती केली. परंतु ती ज्या स्टॅक्स कंपनीमार्फत दुकानांत जावयाची होती तिचे सारे कौशल्य कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या विक्रीत होते. गोऱ्या मुलांचे सुरेल गिटारसंगीत कोणत्या दुकानात ठेवावे हे तिला उमगले नाही. पुढे वितरणाचा करार कोलंबिया या बड्या कंपनीशी झाला, आणि त्यातून तंटे उपजले. १९७४ ची ‘रेडिओ सिटी’ ही दुसरी तबकडी त्या तंट्यांत सापडून दुकानांपर्यंत धड गेलीच नाही. वृत्तपत्रात परीक्षण वाचून एखादा दुकानात गेला तर त्याला मिळावयाचे काय? रिकामे हात. तिसऱ्या तबकडीची गाणी १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि ती निघावयास १९७८ उजाडले. तोवर बँड मोडला होता. पहिल्या तबकडीचे एक शिल्पकार ख्रिस बेल त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोटार-अपघातात वारले.

न खपलेल्या तबकड्यांचे काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत दुकानदार न विकलेला माल कंपनीकडे परत पाठवीत. कंपनी ती तबकडी आपल्या सूचीतून काढून टाकी, तिच्या वेष्टनाचा एक कोपरा कापी किंवा त्यास भोक पाडी, म्हणजे तीच तबकडी पुन्हा परत घेण्यासाठी कोणी आणू नये, आणि मग असा सारा माल पडेल भावाने विकून टाकी. दुकानाच्या दाराशी ठेवलेल्या खोक्यांतून ही कोपरा कापलेली तबकडी नाममात्र किमतीस मिळे. मोठमोठ्या कंपन्यांनी केलेल्या या अवहेलनेतून एक चांगली गोष्ट घडली. ज्यांच्या खिशात फारसे काही नाही अशी महाविद्यालयीन मुले त्या खोक्यांवर तुटून पडत. पुढच्या दशकात ‘आर. ई. एम.’ आणि ‘रिप्लेसमेंट्स’ यांच्यासारखे जे बँड पुढे आले त्यांनी बिग स्टारचे ऋण मोकळेपणी मान्य केले. त्यांच्या चाहत्यांनी मग मूळ तबकडीची चौकशी सुरू केली, आणि १९९२ मध्ये पहिल्या दोन्ही तबकड्या एकाच काँपॅक्ट डिस्कवर पुन्हा निघाल्या. शिष्याने गुरूचे नाव घ्यावे आणि ते नाव ऐकून लोकांनी गुरूचा पत्ता विचारीत यावे, अशीच ही रीत आहे. आपल्याकडील घराण्यांच्या इतिहासातही ती अपरिचित नाही.

‘रेनकोट्स’ या लंडनच्या स्त्रियांच्या बँडची गोष्ट याच जातीची, पण अधिक हृद्य आहे. १९७९ मध्ये त्यांनी पहिली तबकडी काढली. तिच्यातील व्हायोलिन कधी सुरात असते, कधी सुराला बगल देते. ताल अडखळल्यासारखा वाटतो आणि अचानक सावरतो. मूठभर लोकांना ती आवडली आणि तिचे छापणे थांबले. १९९२ मध्ये अमेरिकेतील ‘निर्वाणा’ या जगप्रसिद्ध बँडचे गायक कर्ट कोबेन लंडनला आले असता त्यांनी आपली झिजलेली प्रत बदलून दुसरी मिळावी म्हणून एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने त्यांना जवळच्याच एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पाठविले, कारण तबकडीच्या एक कर्त्या अॅना दा सिल्व्हा त्या वेळी तेथे काम करीत होत्या. समोर उभा असलेला तरुण कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. या भेटीतून पुढे १९९३ मध्ये रेनकोट्सच्या तबकड्या पुन्हा निघाल्या आणि पहिलीसाठी टिपण लिहिले ते स्वतः कोबेन यांनी. १९९४ मध्ये इंग्लंडात दोन्ही बँडांनी बरोबर दौरा करावयाचे ठरले होते. एप्रिलमध्ये कोबेन यांनी आत्महत्या केली आणि तो दौरा झाला नाही.

तथापि या साऱ्या विषयात सर्वांत लक्षात राहण्यासारखी हकिकत आहे ती डेट्रॉइट शहरातील तीन भावांची. डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी हे कृष्णवर्णीय कुटुंबातील मुलगे. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर कृष्णवर्णीयांच्या संगीताची एक मोठी पेठ होते. ‘मोटाऊन’ ही कंपनी तेथलीच, जरी १९७२ मध्ये तिने आपले बिऱ्हाड लॉस एंजल्सला हलविले. शेजारीपाजारी, चर्चमध्ये, रेडिओवर जिकडेतिकडे सोल आणि फंक संगीत चाले. या भावांनीही प्रथम तेच वाजविले. परंतु थोरल्या डेव्हिडने ‘द हू’ या इंग्रज बँडचा जलसा पाहिला आणि आपण रॉक वाजवावयाचे असे ठरविले. घराच्या एका खोलीत आईच्या परवानगीने त्यांच्या तालमी चालत. गोऱ्यांचे संगीत कशाला वाजवता, असे शेजारी विचारीत, आणि गोऱ्यांच्या रॉकच्या जगात तर या तिघांना जागाच नव्हती. म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशी त्यांची अवस्था होती.

अशातच त्यांचे वडील अपघातात वारले. त्या आघातानंतर डेव्हिडने बँडचे नाव ठेवले ‘डेथ’, म्हणजे मृत्यू. धक्का देण्याची हौस त्यामागे नव्हती. मृत्यू ही अटळ आणि सर्वांची गोष्ट आहे, तिच्यातील अमंगळपणा काढून घ्यावा, अशी त्यांची श्रद्धायुक्त भूमिका होती. १९७५ मध्ये डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड या स्टुडिओत त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. ती ऐकून न्यूयॉर्कचे नामवंत ध्वनिमुद्रिका-व्यावसायिक क्लाइव्ह डेव्हिस यांनी रस दाखविला. मात्र नाव बदला, असे त्यांचे म्हणणे पडले. अशा नावाची तबकडी कोण विकणार आणि कोण घेणार, ही व्यापारी दृष्टीने रास्तच शंका होती. धाकट्या दोघांना नाव बदलावे असे वाटत होते. डेव्हिडने नकार दिला. बोलणी फिसकटली, बारा गाण्यांचा बेत सातांवरच थांबला आणि भावांनी १९७६ मध्ये स्वखर्चाने त्यांतील दोन गाण्यांची एक लहान तबकडी काढली. प्रती काढल्या ५००.

पाचशे प्रतींनी काय होणार? पुढील वर्षी बँड मोडला. तिघे व्हरमाँट राज्यात गेले, तेथे ‘फोर्थ मूव्हमेंट’ या नावाने भक्तिपर रॉक संगीताच्या दोन तबकड्या त्यांनी काढल्या. पण डेव्हिडचे मन तेथे रमले नाही आणि १९८२ मध्ये ते डेट्रॉइटला परतले. बॉबी आणि डॅनिस यांनी मागे राहून रेगे संगीताचा वेगळा बँड काढला, संसार थाटले. त्या सात गाण्यांच्या मूळ ध्वनिफिती डेव्हिडपाशी होत्या. २००० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी त्या बॉबींच्या हवाली केल्या आणि जग एक दिवस या शोधीत येईल, तेव्हा जपून ठेव, अशा आशयाचे बजावले. बॉबींनी त्या घराच्या माळ्यावर ठेवल्या. भावाच्या भाकितावर त्यांचा विश्वास होता असे म्हणवत नाही. पण भावाची शेवटची ठेव कोण फेकून देतो!

इकडे त्या ५०० प्रतींपैकी काही जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांच्या हाती पडल्या होत्या. १९७६ मधील, पंकचा डंका वाजण्यापूर्वीची ही गाणी इतकी वेगवान आणि इतकी नेमकी कशी, याचे त्यांना कोडे पडले. एकेका प्रतीस शेकडो डॉलर पडू लागले, ती गाणी महाजालावर फिरू लागली, आणि २००८ मध्ये बॉबींच्या मुलाच्या कानी ती मित्रमंडळींच्या बैठकीत पडली. गाणारा आवाज ओळखीचा होता: तो त्याच्या वडिलांचा होता. वडिलांनी घरात या बँडचा उल्लेखही कधी केला नव्हता. मुलांनी फोन करून विचारले, माळ्यावरील फिती उतरविल्या गेल्या, आणि शिकागोच्या ड्रॅग सिटी या छोट्या कंपनीने २००९ मध्ये ती सात गाणी ‘...फॉर द होल वर्ल्ड टु सी’ या नावाने प्रसिद्ध केली. वेष्टनावर नाव होते ‘डेथ’. ३४ वर्षांपूर्वी जे नाव विकले जाणार नाही म्हणून करार मोडला, त्याच नावाने ती विकली गेली. २०१२ मध्ये या भावांवर एक माहितीपटही झाला.

या हकिकतीत भावनेला आवाहन करणारे पुष्कळ आहे. पण तिचे खरे महत्त्व त्यापलीकडचे आहे. पंक हे न्यूयॉर्क आणि लंडन येथील गोऱ्या तरुणांनी निर्मिलेले संगीत, हा त्याच्या इतिहासाचा रूढ आराखडा होता. माळ्यावरील दोन-चार फितींनी तो आराखडा दुरुस्त करावयास लावला. ‘पंकचे जनक हेच’ असे म्हणणाऱ्यांचा उत्साह मात्र आवरता घ्यावा लागेल. ज्या तबकडीने जन्मकाळी कोणाच्या कानाला स्पर्शच केला नाही तिला वंशाचे जनकत्व देता येत नाही. तिचे मोल ती स्वतः काय आहे यात आहे, आणि ते थोडे नाही.

फिती हाती आल्या म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर एका चिकट द्रव्याने बसवून ध्वनिफीत तयार करतात. १९७० नंतरच्या दशकात वापरलेली त्यांतील काही द्रव्ये वर्षानुवर्षे हवेतील दमटपणा शोषून घेतात आणि चिघळतात. अशी फीत यंत्रावर लावताच ती चिकटते, किंचाळते, आणि वरचा थर, म्हणजे प्रत्यक्ष संगीतच, खरवडून निघते. यावर उपाय विलक्षण आहे: फीत भट्टीत भाजतात. सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअस इतक्या मंद उष्णतेवर ती कित्येक तास ठेवली की ओलावा उडून जातो, आणि त्यानंतर काही आठवडे ती वाजविण्याजोगी राहते. त्या मुदतीत तिची अंकीय नक्कल करून घ्यावयाची. पुष्कळ फितींना हे भाग्यही लाभले नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सलच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफितींचे एक मोठे भांडार सापडले. त्या हानीची सविस्तर वार्ता जगाला २०१९ मध्ये कळली आणि नेमके किती जळाले याविषयी वाद झाला.

फीत वाचली तरी पुढे प्रश्न उरतो तो ध्वनिमिश्रणाचा. गायन, गिटार, ड्रम हे निरनिराळ्या पट्ट्यांवर टिपलेले असतात. त्यांतील कोणता आवाज पुढे आणावयाचा आणि कोणता मागे ठेवावयाचा हे नंतर ठरते. ‘स्टूजेस’ या बँडची १९७३ ची ‘रॉ पॉवर’ ही तबकडी या बाबतीत सदैव वादाचा विषय राहिली. गायक इगी पॉप यांनी केलेले मिश्रण कंपनीने नाकारले आणि ते काम डेव्हिड बोवी यांच्याकडे आले. बोवी यांच्या सांगण्याप्रमाणे २४ पट्ट्यांच्या फितीवर प्रत्यक्षात तीनच वापरल्या होत्या: एकीवर सारा बँड, दुसरीवर गिटार, तिसरीवर गळा. एवढ्या सामग्रीत त्यांनी एका दिवसात जे जमले ते केले. आवाज पातळ आणि चमत्कारिक आला, पण पंकच्या पिढीने तोच ऐकला, आणि तोच आदर्श मानला. १९९७ मध्ये इगी पॉप यांनी नवे मिश्रण केले ते इतके कर्कश की काँपॅक्ट डिस्कवरील सर्वांत मोठ्या आवाजाच्या अल्बमांत त्याची गणना होते. बोवींचे मिश्रण नंतर २०१० मध्ये पुन्हा निघाले. आता यांतील खरी ‘रॉ पॉवर’ कोणती? पाठभेदांचा हा प्रश्न प्राचीन पोथ्यांच्या संशोधकांना नवा वाटणार नाही. इतिहासाला मान द्यावयाचा तर बोवींचीच प्रत ग्राह्य धरावी लागते, मग कर्त्याचा स्वतःचा कौल काहीही असो.

टेलिव्हिजन या बँडच्या ‘मार्की मून’ या १९७७ च्या तबकडीत दुरुस्ती झाली ती मात्र निर्विवाद हिताची. शीर्षकगीत सुमारे दहा मिनिटांचे आहे. मूळ तबकडीत ते अखेरीस हळूहळू विरत जाई. २००३ च्या आवृत्तीत वगळलेला तो शेवट परत जोडला गेला आणि गाणे आपल्या नैसर्गिक मुक्कामापर्यंत पोहोचले. पुनःप्रकाशनाच्या नावाखाली सगळेच असे विवेकाने होत नाही. कंपन्यांना एकदा चाहत्याचा खिसा सापडला की तालमींचे तुकडे, फसलेले प्रयत्न, एकाच गाण्याची पाच कच्ची रूपे यांनी भरलेल्या जाडजूड पेट्या निघू लागतात. कर्त्याने जे टाकून दिले ते भक्ताच्या पदरी बांधावयाचे, हा व्यापार झाला, संशोधन नव्हे.

या संगीताच्या प्रसारात सार्वजनिक रेडिओचा वाटा दुहेरी होता. १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्सचे राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गाणे बीबीसीने वाजविण्याचे नाकारले. तरीही ते खपात दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्याच बीबीसीत जॉन पील रात्री उशिरा, कंपन्यांच्या जाहिरातींना भीक न घालता, गावोगावच्या अपरिचित पोरांच्या तबकड्या वाजवीत बसत. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी गावच्या ‘अंडरटोन्स’चे एक गाणे त्यांना इतके भावले की ते संपताच त्यांनी लगेच दुसऱ्यांदा लावले. ‘क्लॅश’ या बँडने तर १९७९ च्या डिसेंबरात काढलेल्या आपल्या श्रेष्ठ अल्बमाचे नाव रेडिओपासूनच उचलले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने व्यापलेल्या देशांना उद्देशून बीबीसी जी हाक देई, ‘लंडन कॉलिंग’, तीच ही. दोन तबकड्या, १९ गाणी, आणि किंमत एका तबकडीची. पंकच्या चौकटीत रेगे, जॅझ, जुना रॉक-अँड-रोल असे सारे काही तीत आले. गंमत अशी की अमेरिकेत ती जानेवारी १९८० मध्ये पोहोचल्यामुळे तेथील ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने १९८० नंतरच्या दशकातील सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून तिलाच पहिला मान दिला! वेष्टनावर पॉल सिमोनन आपली बास गिटार रंगमंचावर आपटीत असलेले छायाचित्र आहे. त्या गिटारीचे तुकडे २०१९ मध्ये लंडनच्या वस्तुसंग्रहालयातील प्रदर्शनात काचेआड मांडण्यात आले.

हा पुनर्शोध इंग्लंड-अमेरिकेपुरता राहिलेला नाही. आफ्रिकेतील झांबिया देशात याच काळात ‘विच’ वगैरे बँडांनी रॉकला स्थानिक ठेका देऊन स्वतःची शैली घडविली होती. तांब्याच्या किमती कोसळून देश विपन्नावस्थेत गेला, चोरट्या कॅसेटींनी विक्री बुडविली आणि पुढे एड्सने कित्येक वादक ओढून नेले. विचचे गायक इमॅन्युएल चांडा, ज्यांना लोक जगारी म्हणत, ते खाणीत रत्ने शोधण्याच्या मागे लागले. २०१२ मध्ये त्यांच्या तबकड्यांचा संच अमेरिकेत निघाला आणि त्यानंतर जगारी पुन्हा नव्या साथीदारांसह जगभर गाऊ लागले.

मुंबईचाही या इतिहासात एक कोपरा आहे. १९७० आणि १९७१ मध्ये ‘सिमला बीट’ या सिगारेट-कंपनीपुरस्कृत स्पर्धेच्या दोन तबकड्या निघाल्या. भारतातील निरनिराळ्या शहरांतील तरुणांचे इंग्रजी रॉक तीत आहे, आणि आज परदेशातील संग्राहक त्या शोधीत असतात. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडची तबकडी बँड मोडल्यानंतर १९८१ मध्ये निघाली होती. तीही २०११ मध्ये अमेरिकेतून पुन्हा प्रकाशित झाली. पण सर्वांत आश्चर्याची गोष्ट लेड झेपेलिनची. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईस आले असता त्यांनी भारतीय वादकांच्या साथीने आपली ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी येथे ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे ऐकावयास मिळाली २०१५ मध्ये, ‘कोडा’ या अल्बमाच्या विस्तारित आवृत्तीत. मुंबईच्या वादकांचे काम ४३ वर्षे फितीत बंद होते. एकीकडे पाश्चात्त्य रॉकची लय, दुसरीकडे चित्रपटसंगीतात मुरलेल्या हातांची सवय, यांची ती एका बैठकीतील ओळख आहे. बेत सिद्धीस गेला असे नाही. क्वचित दोघेही एकमेकांची वाट पाहताना जाणवतात. पण तेच तर त्यात ऐकण्यासारखे आहे.

ज्यांचा कान रागसंगीतावर किंवा नाट्यगीतांवर घडला आहे त्यांनी या तबकड्यांकडे वळताना रामोन्सपासून आरंभ करू नये. पहिल्याच गाण्याला दार लावून घ्यावेसे वाटेल. ‘मार्की मून’ आधी ऐकावी. तीत टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड यांच्या दोन गिटारी एकमेकींना प्रश्न विचारतात, उत्तर देतात, आणि शीर्षकगीताच्या मध्यानंतर व्हर्लेन पायरी पायरीने जी चढण चढतात ती समजावयास इंग्रजी शब्दांची गरज नाही. त्यानंतर ‘लंडन कॉलिंग’, नंतर बिग स्टार, आणि मग डेट्रॉइटची ती सात गाणी. रामोन्स शेवटी लावावी. तोवर कान तयार झालेला असतो, आणि वेळ तर अर्ध्या तासाहून कमीच लागतो.